खयचा नाटक?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की मी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवते. एव्हाना पुढच्या वर्षाचंही घरात आलेलं असतं. दोन्ही शेजारी पसरायची, चष्मा शोधायचा आणि पेन्सिलीने खुणा करत बसायचं. पेन्सिलच लागते, कारण यातलं बरंच पुढे खोडावं लागतं. नवरा म्हणतो, रेल्वेचं वेळापत्रक तयार करायला बसली. एका अर्थी खरं आहे. कार्तिकापासून मृगाच्या पावसापर्यंत तळकोकणात कुठल्या रात्री, कुठल्या देवळासमोर, कोणत्या नाटक कंपनीचा दशावतार, म्हणजे जत्रेतला रात्रभर चालणारा पौराणिक नाटकाचा खेळ, उभा राहणार, याचा तो हिशेब असतो.

शहरातली माझी मैत्रीण दर शुक्रवारी वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून शनिवार-रविवार ठरवते. नाटकाचं नाव, नट, नाट्यगृह, वेळ, सगळं छापलेलं. तिने एकदा मला विचारलं, "तुमच्याकडे पुढच्या महिन्यात काय आहे?" मी तिला सोळा गावांची नावं सांगितली. तारखा सांगितल्या, कंपन्या सांगितल्या. ती म्हणाली, "ते ठीक, पण नाटकं कोणती?" ते मला माहीत नव्हतं. कंपनीच्या मालकालाही माहीत नव्हतं. ज्यांना ती करायची होती त्या नटांनाही नव्हतं.

ते कसं, हे सांगायचं तर आधी तारखांपासून सुरुवात करायला हवी.

जत्रा तिथीवर चालते. त्रिपुरी पौर्णिमा झाली की सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. या मोठ्या झाल्या. खरी मजा लहान गावांच्या जत्रांत असते. एखाद्या वाडीची दशमीला, ओढ्यापलीकडच्या गावाची द्वादशीला. अमुक जत्रा तमुक कंपनीची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. कंपन्यांची नावंही गावांचीच आहेत. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, खानोलकर, आजगावकर, चेंदवणकर. नुसती नावं वाचत गेलं तरी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून कुडाळच्या खाडीपर्यंत एक चक्कर होते. लहानपणी मला वाटायचं, वालावलकर म्हणजे एकाच मोठ्या घरातली माणसं आणि त्यांच्या घरात सगळे पुरुष साडी नेसतात.

तिथीवर चालणाऱ्या या वेळापत्रकात एकच जत्रा अशी आहे की तिच्यापुढे मी दरवर्षी प्रश्नचिन्ह काढून ठेवते. मसुरे गावातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची. तिला तिथी नाही. आधी रानडुकराची शिकार, मग देवीचा कौल, मग मानकरी बसतात आणि तारीख जाहीर होते. ती बहुधा फेब्रुवारी-मार्चमधली असते, पण कोणती, हे तोवर कुणालाच ठाऊक नसतं. तारीख फुटली की मुंबईतल्या मालवणी माणसाचा पहिला हात रेल्वेच्या बुकिंगकडे जातो. दीड दिवसाच्या त्या जत्रेसाठी जादा गाड्या सुटतात, राज्यभरातले पुढारी रांगेत दिसतात. एवढा मोठा सोहळा आणि त्याची तारीख एका कौलावर अडलेली. माझा भाऊ ठाण्याला असतो. त्याच्या कार्यालयात वर्षभराच्या रजा जानेवारीतच मागून ठेवाव्या लागतात. एकदा त्याने रजेच्या अर्जावर "देवीने सांगितल्यावर" असं लिहून दिलं होतं, असं तो सांगतो. मला ते खरं वाटत नाही, पण तो सांगतो छान.

तिथीची जत्रा सोपी, असं मात्र कुणी समजू नये. मी या प्रांतात जन्मले, इथेच शाळेत शिकवून निवृत्त झाले, तरी आठेक वर्षांपूर्वी सपशेल फसले. पौर्णिमेची जत्रा होती. कॅलेंडरवर ज्या चौकोनात पौर्णिमा छापली होती त्या संध्याकाळी मी भाचीला घेऊन रिक्षाने निघाले. बसायला सतरंजी, थर्मासमध्ये चहा, अंगावर शाल, सगळा जामानिमा. गावाच्या वेशीवर ना लाइटिंग, ना लाउडस्पीकर. देवळासमोरचा मांडव अर्धा उतरवलेला. जमिनीवर खाजाचा चुरा, चुरगळलेले कागदी द्रोण, एका बाईच्या केसातून पडलेला सुकलेला वळेसर. रंगमंचावर एक कुत्रा राजासारखा मधोमध झोपला होता. देवळाची पायरी झाडणाऱ्या बाईने कंबर सरळ करून आमच्याकडे पाहिलं.

"काल झाली गे जत्रा! तू आज इलंस?"

कॅलेंडर सूर्योदयाची तिथी छापतं आणि जत्रा रात्रीची तिथी धरते. चंद्र आदल्या रात्रीच पुरा झाला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण चष्मा लावून चौकोन बघितला आणि आकाश बघितलं नाही. आम्ही दोघी त्या रिकाम्या रंगमंचासमोर सतरंजी घालून चहा प्यायलो. भाची म्हणाली, "मावशी, नाटक छान आहे." कुत्रा कूस बदलत होता.

तेव्हापासून मी खुणा पेन्सिलीने करते आणि जायच्या आदल्या दिवशी त्या गावच्या कुणाला तरी फोन करते.

आता नाटकाच्या नावाकडे येते.

रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला जत्रेच्या गावी पोहोचावं आणि देवीची ओटी भरून झाली की देवळाच्या कडेच्या ओसरीकडे वळावं. हाच रंगपट. आत जायला कुणी अडवत नाही. बायकांनी फार वेळ उभं राहू नये असा एक अलिखित संकेत आहे, पण माझ्या वयाच्या बाईला संकेत लागू होत नाहीत. भिंतीला टेकवलेले वेताचे पेटारे. त्यातल्या एकासमोर उदबत्ती आणि नारळ, कारण त्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि त्याची पूजा झाल्याशिवाय काही उघडत नाही. पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन नट एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायचे, आता टेम्पो येतो. नटांच्या मांडीवर आरसा, आरशाला रबराने बांधलेली बॅटरी. रंगभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो, ज्याने त्याने आपलं तोंड आपण रंगवायचं. आमच्या लहानपणी सफेदा खोबरेल तेलात खलून लावत, त्याचा वास मला अजून आठवतो. आता डब्यातला रंग आला.

एक नट माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. भातशेती करतो, पावसाळ्यात नांगर नाहीतर पॉवर टिलर धरतो. त्याच्या हाताची बोटं बघितली तर कुणी म्हणणार नाही की या बोटांनी द्रौपदी उभी राहते. एका रात्री तो नऊवारी नेसत होता. निऱ्या घालताना त्याने पदराचं टोक दातांत धरलं होतं आणि दोन्ही हातांनी इतक्या सफाईने एकेक निरी पाडत होता की मी बघतच राहिले. मला लग्नाच्या दिवशी नऊवारी नेसवायला तीन बायका लागल्या होत्या. पदर खांद्यावर टाकून त्याने एक झटका दिला आणि त्या क्षणी त्याची मान बदलली. अजून केसांचा टोप लावायचा होता, छातीवर पुरुषाचा बनियनच होता, पण मान बाईची झाली होती.

मी विचारलं, "आज खयचा नाटक?"

तो म्हणाला, "अजून ठराक नाय."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. बाहेर पालखीची प्रदक्षिणा चालली होती, माणसं जागा धरत होती. थोड्या वेळाने कंपनीतले वडीलधारे नट आले, पेटाऱ्यावर बसले आणि पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळे झाले. अमुक आख्यान लावायचं. तू अमका, तू तमका. पहिला दरबार, मग वनातला प्रवेश, तिथे राक्षसाने आडवं यायचं, लढाई, मग शाप. शाप देताना फार लांबवू नको, काल पहाट झाली. झालं. संहिता नाही, तालीम नाही. संवाद रंगमंचावर गेल्यावर सुचायचे. पुराण सगळ्यांना पाठ आहे आणि समोरच्याला कसं अडवायचं हेही. आजचं आख्यान निवडताना त्यांनी काय पाहिलं असेल? गेल्या वर्षी याच देवळात काय झालं होतं, आज स्त्रीपार्टी कोण हजर आहे, कुणाचा घसा बसलाय, समोर म्हातारी माणसं जास्त आहेत की तरुण पोरं. हा अंदाज घेतल्याशिवाय नाव ठरत नाही. म्हणून ते आधी छापता येत नाही.

मग बाहेर पखवाजावर थाप पडते, पेटी सुरू होते, झांज वाजते आणि आधी आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा पूर्वरंग. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते, भटजी येतो. मग संकासुर. काळा वेष, लोंबणारी लाल जीभ, आणि बोलायला लागला की अस्सल मालवणी. वेद चोरणारा हा राक्षस गावच्या रस्त्यापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत कुणालाही सोडत नाही. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो, पण सगळ्या पोरांना घरी जाऊन नक्कल त्याचीच करायची असते. दहा अवतारांच्या नावाने चाललेल्या या खेळात दहा अवतार कधी पुरे येत नाहीत. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

त्यानंतर आख्यान. मागे पडदा, पुढे एक लाकडी बाकडं. त्यावर चादर टाकली की सिंहासन, राजा त्यावर उभा राहिला की डोंगर, आडवा झाला की शेज. एवढ्या नेपथ्यावर पहाटेपर्यंत रात्र काढतात. त्या रात्री माझ्या ओळखीच्या द्रौपदीने भर सभेत भीष्माला असा एक प्रश्न विचारला की भीष्माचं काम करणारे म्हातारे नट क्षणभर गप्प झाले. ते गप्प होणं ठरलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. पखवाजवाल्यालाही कळलं. त्याने हात उचलून ठेवला. सतरंज्यांवरचं खाणं थांबलं. मग भीष्म म्हणाले, "मुली, याचं उत्तर माझ्यापाशी असतं तर मी इथे बसलो असतो?" तोच प्रसंग मी नंतर दुसऱ्या गावी पाहिला, तेच दोन नट. प्रश्न वेगळा होता, उत्तर वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर अगदी बेताचं झालं. पण त्याही रात्री काय होणार ते आधी कुणाला ठाऊक नव्हतं.

पहाटे हंडी फुटते, दहीकाला होतो. मालवणीत या सगळ्या खेळाला धयकालोच म्हणतात. मग पेटारे बंद.

अलीकडे पोस्टरं मात्र बदलली आहेत. कुडाळ-सावंतवाडीच्या नाक्यांवर रंगीत फलक लागतात. 'संयुक्त दशावतार', 'महान पौराणिक ट्रिकसीनयुक्त नाटक', खाली नाटकाचं नाव, नटांचे फोटो, कोण कोणत्या भूमिकेत तेही. संयुक्त म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले गाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणायचे. ट्रिकसीन म्हणजे साप फणा काढतो, मुंडकं उडतं, धूर निघतो, त्यातून देवी प्रकटते. गर्दी होते. पोरं दुचाक्या काढून वीस-वीस किलोमीटरवर जातात. नटांना नाइट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, बरी मिळते, ती मिळायलाच हवी. मी स्वतः एकदा त्या धुरात खोकत टाळ्या वाजवल्या आहेत. तरीही नाव छापलं की नाटक आधीच ठरतं. साप अमुक प्रवेशाला फणा काढणार म्हणजे त्या आधीचा संवाद तेवढ्यातच आटपायला हवा. भीष्माला गप्प बसायला सवड राहत नाही.

त्याहून माझा राग बंदिस्त सभागृहातल्या महोत्सवांवर आहे. एका महोत्सवात (नाव घेत नाही, आयोजक भली माणसं आहेत) प्रत्येक कंपनीला वेळ बांधून दिली होती. संकासुर रंगात आला आणि विंगेतून घंटा. विष्णूने चक्र उचललं, आणखी एक घंटा. संकासुर विष्णूला म्हणाला, "देवा, लवकर मार. माझी येळ संपली." सभागृह हसून लोटपोट झालं. त्या संध्याकाळचं सगळ्यात अस्सल दशावतारी वाक्य तेच.

तरी माझ्या कॅलेंडरवर नुसते दशावतारच नसतात. पिंगुळीची एक खूण असते, आणि तिला तारीख नसते.

कुडाळजवळचं पिंगुळी हे ठाकर समाजाच्या कलाकारांचं गाव. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडी गोठ्याचीच गोष्ट होती.

मी पाहुण्यांना तिथे नेते. पाहुणे भिंतीवरची चित्रं बघतात, मान वाकडी करतात, मोठ्या डोळ्यांचे राम-रावण बघून "किती सुंदर" म्हणतात आणि मोबाइल काढतात. मी त्यांना थांबायला सांगते. चित्रकथीचं चित्र भिंतीवर लावायला काढलेलंच नाही. ते पोथीतलं असतं. एका कथेची चित्रं क्रमाने ठेवलेली, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा समोर बसतो, पुढ्यात फळी टेकवतो, फळीवर पहिलं चित्र ठेवतो. वीणा, टाळ, हुडूक. मग तो गाऊन सांगायला लागतो, आणि एवढा वेळ नुसता उभा असलेला हनुमान ठेक्यावर उडी मारायच्या बेताला येतो. कथा पुढे सरकली की हात चित्र उचलतो, उलटतो, पुढचं ठेवतो. उलटताना मधे जो अर्धा क्षण फळी रिकामी दिसते, तेव्हा लहान मुलं पुढे सरकून बसतात. मी मुद्दाम मुलांकडेच बघत बसते. याला चित्रप्रदर्शन म्हणायचं की प्रयोग? आमच्याकडे ही दोन खाती वेगळी नाहीत.

जुन्या पोथ्यांची चित्रं फाटली, विरली की नदीत सोडत. त्या वेळी कुणाला ती जपून ठेवायची वस्तू वाटली नाही. गाता येईनाशी झाली, म्हणजे गेली.

सावंतवाडीच्या राजवाड्यात याच्या अगदी उलट चित्र दिसतं. तिथे दशावतार गोल पत्त्यांवर बसलेला आहे. दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, एकेका रंगाची बारा पानं, एकूण १२०. राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. जे दहा अवतार जत्रेच्या रंगमंचावर कधी पुरे येत नाहीत ते इथे एका डबीत गुण्यागोविंदाने राहतात. ही कला जवळपास बुडाली होती. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले. आजही तिथे माणसं जमिनीवर मांडी घालून, केसाएवढ्या बारीक कुंचल्याने मत्स्यावताराचे खवले रंगवताना दिसतात. बघणाऱ्याने श्वास रोखून बघावं असं काम. पण तो पत्ता हातात घेऊन खेळणारं कुणी मला माझ्या आयुष्यात भेटलं नाही. आम्हा दोघा-तिघा निवृत्तांना एकदा हुक्की आली, नियम शिकून घेतले, पानं वाटली. अर्ध्या तासात भांडणं होऊन डाव मोडला. तरी मला बरं वाटलं. पत्ते मळले थोडे.

शिमग्यात नेरूरला मांडावर रोंबाट निघतं, माणसांहून कितीतरी उंच पुतळे वाद्यांच्या तालावर गावातून नाचत जातात. गणपतीत डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गौळणींतून कोपरखळ्या मारतात. त्याचं पुन्हा कधीतरी. पावसाळ्याची पानं मी अजून उलटलेली नाहीत.

यंदाच्या खुणा परवा करून झाल्या. आंगणेवाडीचा चौकोन कोणता ते माहीत नाही, म्हणून समासात प्रश्नचिन्ह. पौर्णिमेच्या जत्रेपुढे 'चंद्र बघणे' असं लिहून ठेवलंय. भाची आता पुण्याला नोकरी करते, ती दोन दिवस येणार आहे. तिला कार्यालयात काहीतरी सांगायचं असतं म्हणून तिने विचारलं, "मावशी, नाटकाचं नाव काय आहे?"

मी ओळखीच्या नटाला फोन लावला. मागे भातझोडणीचं मशीन घरघरत होतं, तो ओरडूनच बोलत होता.

"अरे, त्या रात्री खयचा नाटक?"

"येवा हो बाई तुम्ही," तो म्हणाला. "आमका पण रात्रीच कळता."